धुराविना शेकोटी: गॅसच्या फायर पिटची निगा

मित्रहो, न्यायशास्त्र शिकताना आपल्याला पहिलं उदाहरण भेटतं ते डोंगरावरच्या धुराचं. धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे असं आपण अनुमान करतो. पण नैयायिकांनी लगेच हेही बजावलं आहे की उलटं म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं.

अमेरिकेत, कॅनडात मुलांकडे राहायला गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी अंगणातली गॅसची शेकोटी, म्हणजे फायर पिट, पाहिली असेल. ही तशीच, धुराविना अग्नी. धूर नाही, राख नाही, म्हणून निगाही नको, असं आपण धरून चालतो. अनुमान चुकतं ते इथेच.

आधी इंधन समजून घेऊ. टाकीत असतो प्रोपेन. तो हवेच्या सुमारे दीडपट जड. गळला तर वर उडून जात नाही, खाली खोलगट जागेत साचतो. म्हणून शेकोटीच्या बैठकीला खाली झरोके ठेवलेले असतात. पालापाचोळा किंवा बर्फ साचून ते बुजले, तर गॅसला बाहेर पडायला वाटच राहत नाही. साफसफाईची सुरुवात तिथूनच करावी.

हात लावण्याआधी टाकीची झडप बंद करायची आणि सगळं पूर्ण गार होऊ द्यायचं. ज्योत विझली तरी दगड बराच वेळ तापलेले असतात, बरं का. मग लाव्हाचे दगड काढून झटकायचे. काचेचे खडे असतील तर साबणाच्या पाण्यात धुऊन अगदी कोरडे करायचे. नदीतले गोटे शोभेसाठीसुद्धा घालू नयेत. त्यांच्या पोटात पाणी मुरलेलं असतं, त्याची वाफ झाली की गोटा फुटून कपचे उडतात.

बर्नरची भोकं मऊ ब्रशने साफ करावीत, टोकरून मोठी करू नयेत. हवा आत घेणाऱ्या नळीत कोळी जाळं विणतात, तेही पाहावं. हवा कमी पडली की काजळी धरते. या शेकोटीची ज्योत पिवळी असतेच. तो रंग तापून चमकणाऱ्या काजळीच्या कणांचा, हे फॅरडेने मेणबत्तीवरच्या व्याख्यानांत समजावलं होतं. पण खडे काळे पडू लागले तर हवेची वाट तपासायला हवी.

आता वासाचं. या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. 18 मार्च 1937 रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेखाली नैसर्गिक वायू साचला. कुणालाच कळलं नाही. स्फोटात सुमारे तीनशे जण गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम दुर्गंध मिसळण्याचे कायदे झाले. म्हणजे बघा, धुरासारखं चिन्ह निसर्गाने दिलं नाही, ते माणसाने घडवलं.

पण चिन्ह ओळखणारं नाकही हवं ना! आमच्या वयात ते मंदावतं, आणि तरुणांचंही त्याच वासाला सरावतं. म्हणून साबणाची परीक्षा. शेकोटीची कळ बंद, टाकीची झडप उघडी ठेवून सांध्यांवर आणि रबरी नळीवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले की गळती. काडी पेटवून कधीही पाहू नये. झडप बंद करून सांधा घट्ट करावा, पुन्हा तपासावं. तरीही बुडबुडे आले तर जाणकाराला बोलवावं. नळीला चिरा असतील तर ती बदलावीच.

पेटवताना ज्योत लागली नाही, तर कळ बंद करून निदान पाच मिनिटं थांबावं. साचलेला गॅस निघून जाऊ द्यावा. वास येत असेल तर काहीही पेटवू नये. जमल्यास झडप बंद करून सगळ्यांनी दूर जावं आणि अग्निशमन दलाला कळवावं.

एक गोष्ट मात्र नाक कधीच सांगणार नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणून थंडी कितीही असो, ही शेकोटी गॅरेजमध्ये किंवा बंदिस्त व्हरांड्यात आणू नये. नातवंडं हट्ट करतील, तरीही नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.