बांगड्याची सोनेरी रेघ

बांगड्याच्या पाठीवर डोक्यापासून शेपटीकडे ज्या अरुंद रेघा जातात, त्यांचा रंग कोणता, असे देवगडात कुणालाही विचारले तर उत्तर एकच मिळेल : काळा. टोपलीत, बर्फाच्या पेटीत किंवा विळीसमोर बांगडा आपल्याला दिसतो, तेव्हा त्या रेघा काळपटच असतात. मीही पन्नाशीपर्यंत तसेच समजत होतो. मग एका सकाळी मिठबावच्या किनाऱ्यावर रापण ओढली जात असताना जाळ्यातून नुकताच निघालेला, अजून उसळणारा बांगडा हातात आला. त्याच्या रेघा सोनेरी होत्या. पिशवीतून वही काढून मी पेन्सिल शोधेपर्यंत ते सोने उतरू लागले होते. शेजारी मासळी वेचणाऱ्या बाईंनी माझी धांदल पाहिली आणि म्हणाल्या, "भाऊ, बांगडो चितारूचो नाय, त्येचा तिखला करूचा."

तिखले केलेच, पण चितारणे सोडले नाही. रंगीत पेन्सिलीने प्राणी कसे काढावेत, हे मी कुठल्या कलाशाळेत शिकलो नाही. जे काही कळले, ते बरेचसे या माशाने शिकवले. ते इथे मांडतो आहे, कारण हा केवळ हौसेचा विषय नाही. माशाचा आकार बाटलीतल्या द्रावणात वर्षानुवर्षे टिकतो, रंग टिकत नाही.

चित्रावरून पडलेले नाव

बांगड्याचे शास्त्रीय नाव 'रास्ट्रेलिजर कानागुर्टा'. त्यातला 'कानागुर्टा' हा शब्द तेलुगू मुलखातला. पॅट्रिक रसेल या वैद्य-निसर्गअभ्यासकाने विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरील दोनशे माशांची वर्णने आणि चित्रे असलेला ग्रंथ १८०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला. अनेक माशांची स्थानिक नावे त्याने तशीच ठेवली. १८१६ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए याने रसेलच्या ग्रंथातल्या 'कानागुर्टा'वरून या माशाला शास्त्रीय नाव दिले. 'रास्ट्रेलिजर' हे प्रजातीचे नाव १९०८ सालचे. त्याचा अर्थ छोटे दंताळे बाळगणारा. बांगड्याने तोंड उघडले की कल्ल्यांतले लांब काटे दंताळ्याच्या दातांसारखे दिसतात, त्यावरून ते पडले.

क्युव्हिएने दिलेल्या नावामागे जपून ठेवलेला मासा नाही. आधार आहे तो छापलेल्या चित्राचा आणि वर्णनाचा. आपल्या ताटातल्या सर्वांत ओळखीच्या माशाची जगाच्या दप्तरातली नोंद एका चित्रावर उभी आहे, आणि ते चित्र एकरंगी आहे. त्यात रेघ आहे, सोने नाही.

आमच्याच जिल्ह्यात माशाचे रंगीत चित्र त्याहून जुने आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा रंगांची प्रत्येकी बारा, म्हणजे १२० पाने असतात आणि पहिला रंग मत्स्याचा. ही कला विझत आली असताना शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ती शिकून पुन्हा उभी केली. गंजिफ्यातला मासा सपाट रंगाचा असतो. ठाम बाह्यरेषा, आत एकसारखा रंग, वर लाखेची चकाकी. खेळणाऱ्याला पान क्षणात ओळखता आले पाहिजे, म्हणून ते तसेच असायला हवे. पण तो मत्स्य आहे. बांगडा, सुरमई की सौंदाळा, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. एखादा विशिष्ट मासा, विशिष्ट घडीला कसा होता हे सांगायचे, तर रंग एकमेकांत उतरवावे लागतात.

सोने जाते कुठे?

माशाच्या कातडीत दोन प्रकारचे रंग असतात. एक खरा रंगद्रव्याचा : काळा, पिवळा, तांबूस. तो सूक्ष्म पेशींत भरलेला असतो आणि पेशीत पसरला की गडद, आकसला की फिका दिसतो. दुसरा रंग म्हणजे प्रकाशाची करामत. ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिशय पातळ स्फटिक कातडीत थरावर थर रचलेले असतात. त्यांवरून परतणारा उजेड कोनानुसार कधी चांदीसारखा, कधी हिरवट, कधी जांभळट दिसतो. मासा मेला की रंगपेशींवरचा ताबा सुटतो, कातडी सुकू लागते, स्फटिकांची रचना बिघडते. सोनेरी रेघ काळवंडते ती अशी.

फोटो का काढत नाही, असे मला नेहमी विचारतात. काढतो. पण फोटोत एकाच कोनातली चकाकी येते. बहुधा निम्मी बाजू पांढरी पडते आणि पाठ काळी. मासा हातात फिरवून पाहताना जे रंग दिसतात, ते एका चित्रात आणता येतात.

रंग कागदावरच मिसळतो

जलरंगात किंवा तैलरंगात रंग आधी पॅलेटवर मिसळतात. रंगीत पेन्सिलीला ती सोय नाही. तिच्या कांडीत रंगद्रव्य, मेण किंवा तेल आणि पांढऱ्या मातीसारखा भराव असतो. कागदावर उमटणारा थर अर्धपारदर्शक असतो. पिवळ्यावर निळा हलक्या हाताने फिरवला की खालचा पिवळा वर डोकावतो आणि डोळ्याला हिरवा दिसतो. क्रमही महत्त्वाचा : पिवळ्यावर निळा आणि निळ्यावर पिवळा यांतून दोन वेगळे हिरवे मिळतात, कारण वरच्या थराचा वरचष्मा राहतो.

कागद थोडा खरखरीत हवा. त्याच्या बारीक उंचवट्यांवर मेण अडकते आणि खळगे पुढच्या थरांसाठी मोकळे राहतात. सुरुवातीलाच जोर लावला तर खळगे बुजतात आणि पुढची पेन्सिल नुसती घसरते. नवशिक्याची चित्रे बिघडतात ती बहुतेक इथेच. म्हणून टोक कायम अणकुचीदार, हात हलका आणि थर पुष्कळ.

बांगड्याची एक सोय अशी की तो साधारण वीतभर असतो. ए-फोर कागदावर हुबेहूब मापाचा बसतो. मी आधी मासा काढतच नाही. पहिली दहा मिनिटे कागदाच्या कडेला रंगांचे ठोकळे भरतो : पाठीचा निळा-हिरवा, रेघेचा सोनेरी, परांचा पिवळसर, छातीजवळच्या पराखालचा काळा ठिपका. मासा सावलीत, खाऱ्या पाण्याच्या परातीत ठेवतो. आकार दुपारीही तोच राहतो, त्यामुळे त्याची घाई नसते.

बाह्यरेषा शिसपेन्सिलीने काढायची, पण जेमतेम दिसेल इतकी फिकी. शिसे पिवळ्यात मिसळले की मळकट हिरवे होते. मग सर्व बाजूंवर फिका लेमन, पाठीवर आकाशी, त्यावर गडद निळा. सोनेरी रेघेसाठी लेमनवर यलो ऑकर आणि रेघेच्या एकाच कडेला बारीक तपकिरी. ती कड आली की पिवळा रंग धातूसारखा चमकू लागतो. काळ्या ठिपक्यासाठी काळी पेन्सिल एकटी वापरली तर तिथे भोक पडल्यासारखे दिसते. गडद निळ्यावर गडद तपकिरी चढवला की जिवंत काळा मिळतो. काळे कुत्रे, काळी म्हैस काढतानाही हाच नियम.

पोटाची चांदी चंदेरी पेन्सिलीने काढू नये. तिने राखाडी पत्रा तयार होतो. चांदी म्हणजे आजूबाजूच्या उजेडाचे प्रतिबिंब. तिथे कोरा कागद राखायचा, कडेला थंड राखाडी, किंचित जांभळा आणि परातीखाली जे काही असेल त्याचा पुसटसा रंग. केळीच्या पानावरचा बांगडा पोटाशी हिरवट असतो.

खवल्यांच्या कडा किंवा मांजराच्या मिशा यांसारख्या पांढऱ्या रेघा नंतर काढता येत नाहीत. रंग भरण्याआधीच शाई संपलेल्या बॉलपेनने कागदावर दाबून ओळ उमटवायची. वरून पेन्सिल फिरवली की खाच पांढरीच राहते.

शेवटी घोटणे. बिनरंगी ब्लेंडर पेन्सिलीने किंवा पांढऱ्या पेन्सिलीने जोर देऊन घासले की मेण दबते, दाणा नाहीसा होतो आणि थर एकजीव होतात. ओल्या कातडीसाठी हे उत्तम. पण सगळेच घोटू नये. केसाळ प्राण्यात केसांच्या दिशेने ओढलेल्या रेघा मोकळ्या राहिल्या तरच अंगावर केस दिसतात. घोटल्यावर पुढचा थर बसत नाही, म्हणून हे काम सर्वांत शेवटी.

दमट हवा आणि ऊन

या तंत्रावरची बहुतेक पुस्तके कोरड्या, थंड देशांतली. देवगडात आषाढात कागद हवेतला ओलावा पितो, फुगतो, मऊ पडतो. दहाव्या थराला त्याचा लगदा निघतो. मी पावसाळ्यात जाड कागद वापरतो आणि चित्रे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. मेणाच्या पेन्सिलींचा दुसरा त्रास म्हणजे काही दिवसांनी गडद भागावर येणारी पांढुरकी साय. ती बुरशी नव्हे, वर आलेले मेण असते. मऊ फडक्याने हळूच पुसले की जाते.

माझी मोठी चूक वेगळी होती. रापणीच्या त्या सकाळनंतर काढलेला पहिला बांगडा मी कौतुकाने खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला. पेन्सिली शाळकरी पोरांच्या, स्वस्तातल्या. तीन वर्षांत जांभळा उडाला, मग गुलाबी, आणि लेमन पांढराफटक पडला. उरल्या त्या काळपट रेघा. किनाऱ्यावर माशाचे जे झाले, तेच भिंतीवर चित्राचे झाले होते. तेव्हापासून प्रत्येक नवी पेन्सिल आधी तपासतो. कागदाच्या पट्टीवर रंग भरायचा, निम्मा भाग काळ्या कागदाने झाकायचा आणि पट्टी सहा महिने उन्हाच्या खिडकीत ठेवायची. झाकलेला आणि उघडा भाग सारखा राहिला, तरच ती पेन्सिल नोंदीसाठी. बाकीच्या नातवंडांना.

सध्या माझ्याकडे चौदा बांगडे आहेत, प्रत्येकाच्या कडेला रंगांचे ठोकळे आणि तारीख-वेळ. कुठल्याही दोन बांगड्यांचे सोने एकसारखे नाही. कार्तिकात बांगडा भरपूर येतो. या दिवाळीत किनाऱ्यावर आलात, तर पहाटे जाळे वर येते तिथे उभे राहा आणि पेन्सिली आधीच टोक काढून न्या. तिखले नंतर होईलच.