आडनावांची कहाणी

सकाळची घंटा होते. बीड जिल्ह्यातील एखाद्या शाळेत गुरुजी हजेरी घेऊ लागतात. कुलकर्णी, चौगुले, तांबोळी, देशपांडे, पोतदार, लोहार, शिकलगार अशी आडनावे एकामागून एक उच्चारली जातात, आणि मुले 'हजर' म्हणून उत्तर देतात. रोज कानांवर पडणाऱ्या या नावांत आपल्या मुलखाचा जुना कारभार साठवलेला आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

जुन्या काळी पाटील हा गावाचा प्रमुख असे. तो सारा वसूल करी व गावचे तंटे मिटवी. जमिनीचे आणि साऱ्याचे दप्तर कुलकर्णी लिही. चौगुला पाटलाला कामात मदत करी. अनेक गावे मिळून परगणा होई. त्याचा प्रमुख तो देशमुख आणि हिशेब ठेवणारा तो देशपांडे. या नावांतील 'देश' म्हणजे राष्ट्र नव्हे, तर परगणा होय. ही कामे वतनी होती, म्हणजे बापामागून मुलाकडे जात. त्यामुळे कामाचे नाव हेच घराण्याचे नाव होऊन बसले.

कसबी लोकांचेही असेच झाले. पोतदार नाणी खरी की खोटी हे पारखी. शिकलगार शस्त्रांना धार लावून झळाळी आणी. तांबोळी विड्याची पाने विकी, तर अत्तार सुगंधी द्रव्ये विकी. सुतार, लोहार आणि सोनार यांचा अर्थ तर सांगावयासही नको. गावगाडा चालण्यास या सर्वांच्या हातांची सारखीच गरज होती.

परंतु आडनावाने माणसाचे आयुष्य बांधले जाते काय? याचे उत्तर अंबाजोगाईस मिळते. तेथे राहिलेले संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) हे नारायणपेठच्या देशपांडे घराण्यातील होते. त्यांचे वडील दिगंबरपंत बीदरच्या राज्यात देशपांडेपणाचे काम पाहत. दासोपंतांनीही लेखणी हाती धरली. पण ती साऱ्याच्या हिशेबासाठी नव्हे. त्यांनी सुमारे सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' रचला आणि 'पंचीकरण' हा ग्रंथ एका लांबच लांब कापडी पासोडीवर लिहिला. ती 'दासोपंतांची पासोडी' म्हणून प्रसिद्ध आहे.

दूरच्या देशांतही हाच प्रकार आढळतो. जर्मन भाषेत 'श्मिट' म्हणजे लोहार, 'म्यूलर' म्हणजे गिरणीवाला आणि 'श्नायडर' म्हणजे शिंपी. जर्मनीतील अनेक कुटुंबे अमेरिकेत जाऊन राहिली. तेथे इंग्रजी बोलणाऱ्यांच्या सहवासात कित्येक श्मिटांचे 'स्मिथ' झाले, तर म्यूलरांचे 'मिलर' झाले. अठराव्या शतकात 'आयझेनहाउअर' नावाचे एक कुटुंब असेच अमेरिकेस गेले. लोखंड खोदणारा किंवा तोडणारा, असा या नावाचा अर्थ आहे. इंग्रजीत त्याचे रूप 'आयझेनहॉवर' असे झाले. याच कुळातील ड्वाइट आयझेनहॉवर पुढे दुसऱ्या महायुद्धात मोठे सेनापती झाले व १९५३ ते १९६१ या काळात अमेरिकेचे अध्यक्ष होते. त्यांच्या हाती कुदळ नव्हती. नावात मात्र पूर्वजांचे लोखंड राहिले होते.

आपल्याकडेही काळ पालटला. त्या वेळी बीडचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १८६५ च्या सुमारास दिवाण सालारजंग यांनी जिल्ह्यांची नवी व्यवस्था केली. तेव्हा सारावसुलीचे काम देशमुख-देशपांड्यांकडून सरकारी अधिकाऱ्यांकडे गेले. पुढे १९६२ साली महाराष्ट्रात कायदा होऊन मुलकी पाटलाचे पदही रद्द झाले. अधिकार गेले, नावे तेवढी राहिली. आज पाटील आडनावाची मुलगी डॉक्टर असते, आणि लोहार आडनावाचा मुलगा गणित शिकवतो.

म्हणून आडनाव ऐकून कोणाला थोर वा कोणाला हलका समजणे हे अज्ञान होय. आपल्या पूर्वजांनी कोणते काम केले, एवढेच आडनाव सांगते. आपण कोणते काम करावे व ते किती चोख करावे, हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते. हजेरीपटावरील नावाला जुना अर्थ पूर्वजांनी दिला; नवा अर्थ देणे हे 'हजर' म्हणणाऱ्याच्या हाती आहे.