कोलासुराच्या पाण्याकाठी

गोंदियाहून समुद्र गाठायचा तर सगळा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. पाण्याकडेनं रमतगमत जायची, वाटेत मासळी खायची हौस आम्ही झाडीपट्टीची माणसं तलावांवर भागवतो. गोरेगाव, कोहमारा मागं पडलं की जंगल जवळ येतं, आणि नवेगावबांधला सात डोंगरांच्या कुशीत सुमारे ११ चौरस किलोमीटर पाणी पसरलेलं दिसतं.

हे पाणी अडवणाऱ्या माणसाचं मला लहानपणापासून वेड आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यानं बांध घातला, अशी जुनी नोंद सापडते, आणि तिथंच तो देवही होऊन जातो. डोंगरावर कोलासुर म्हणून त्याचं ठाणं आहे. भोवतालची शिखरं म्हणजे सातबहिणी. त्यांच्या मदतीनं बांध उभा राहिला, ही लोकांची श्रद्धा. पाणी अडवणाऱ्याला देव्हाऱ्यात बसवणारा मुलूख मला फार मोठ्या मनाचा वाटतो.

पुढं १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली, मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. पाळी फुटल्या, गाळ साचला, काठानं बेशरमाची झुडपं माजली. सिंचनाची चर्चा खूप झाली. ज्यांचं पोट मासळीवर, त्या ढिवरांना कुणी फारसं विचारलं नाही. मासळी वाढावी म्हणून तलावात रोहू, कतला, मृगळ आले. पण हे मासे वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचल्या तलावात नाही. म्हणजे माशांची पिल्लं, बोटुकली, दरवर्षी विकत घ्यायची! मरळ, वाघूर, दाडक, बोटरी ही घरची मासळी मात्र विरळ होत गेली.

या दुखण्याचं मूळ शोधलं ते अर्जुनी मोरगावच्या पतिराम तुमसरे यांच्यासारख्या ढिवरांनी, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकरांना सोबत घेऊन. देशी मासा पाणवनस्पतींच्या आडोशाला वाढतो. वनस्पती गेल्या, मासाही गेला. मग उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळातून बेशरम मुळासकट उपटायची, तळ नांगरायचा, पाऊस पडला की दुसऱ्या तलावातून आणलेल्या वनस्पती चिखलात लावायच्या. निमगावात हे काम शालू कोल्हे यांच्यासह ढिवर बायकांनी अंगावर घेतलं. गुडघाभर चिखलात वाकून, धानाची रोवणी करावी तशी त्यांनी तलावाची रोवणी केली. कोलू पाटलाच्या बांधाइतकंच हे काम मोठं आहे, असं माझं ठाम मत आहे.

इटियाडोह धरणाचा रस्ता पुढं होता, पण मी अशाच एका तलावाच्या पाळीवर थांबलो. दुपारी मरळीचा रस्सा आणि भात झाला होता, वर हिरवा सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. देवधान या पाणवनस्पतीच्या काड्यांत एका ढिवरानं बोट दाखवलं. पाण्याच्या वरच्या थरात लालसर पिल्लांचा मुठीएवढा गोळा वळवळत होता. वर यायचा, तोंडानं हवा घ्यायचा, पुन्हा बुडायचा. खाली, काळोख्या पाण्यात, मरळ राखणीला उभी होती. त्यानं जाळं खांद्यावरच ठेवलं.