‘तोंड येणे’ आणि कँडिडा : उपचार आणि रुग्णाची भाषा

रोगाचे बोलीतील नाव आणि त्याचे वैद्यकीय नाव ही परस्परांची समानार्थी भाषांतरे असतातच असे नाही. बोलीतील नाव रुग्णाच्या अनुभवातून येते, तर वैद्यकीय नाव रोगाच्या कारणाचा निर्देश करते. या दोहोंमधील अंतर पुष्कळदा निरुपद्रवी असते; काही रोगांच्या बाबतीत मात्र उपचाराची दिशाच त्यावर अवलंबून राहते. एचआयव्हीबाधित प्रौढांच्या तोंडात व अन्ननलिकेत होणारा बुरशीचा संसर्ग हे याचे ठळक उदाहरण होय. त्याच्या निदानाचे व उपचाराचे या दृष्टीने विवेचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विवेचनास बंगळुरूच्या सर्जापूर रोडची पार्श्वभूमी उपयुक्त ठरते. १९६३ साली स्थापन झालेले सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय या रस्त्यावर कोरमंगलाच्या बाजूस आहे. तर पुढे कार्मेलरामच्या परिसरात कॅमिलियन धर्मसंघाने एचआयव्हीबाधितांच्या शुश्रूषेसाठी ‘स्नेहदान’ हे केंद्र सुरू केले. कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी आणि मराठी या भाषा ज्या शहरात शेजारी नांदतात, तेथे रुग्णाची तक्रार एका भाषेतून दुसरीत जातच वैद्यापर्यंत पोहोचते.

मराठी रुग्ण ‘तोंड आले आहे’ असे म्हणतो. ‘डोळे येणे’, ‘गोवर येणे’, ‘देवी येणे’ यांच्याच कुळातील हा प्रयोग आहे. रोग बाहेरून येतो आणि यथावकाश निघून जातो, अशी धारणा त्यात अनुस्यूत आहे. हिंदीत ‘मुँह आना’ हा समांतर प्रयोग आढळतो. कन्नडमधील ‘बायि हुण्णु’ आणि तमिळमधील ‘वाय्प्पुण्’ हे शब्द मात्र तोंडातील व्रणाचा थेट निर्देश करतात. साधा व्रण, तिखटाने होणारी जळजळ आणि बुरशीचा पांढरा थर हे सर्व या शब्दांच्या छायेत सामावले जाते. सात-आठ दिवसांत आपोआप बरा होणारा व्रण आणि प्रतिकारशक्ती ढासळल्याची खूण असलेला संसर्ग यांतील भेद ते सांगू शकत नाहीत.

‘कँडिडा’ हे नाव शुभ्र या अर्थाच्या लॅटिन विशेषणावरून आले आहे. ‘अल्बिकन्स’ या जातिवाचक पदाचा अर्थही ‘पांढरे होत जाणारे’ असाच आहे. म्हणजे शास्त्रीय नावात पांढरेपणाची द्विरुक्ती आहे. ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडात असतेच. रक्तातील सीडी४ पेशींची संख्या प्रतिघनमिलिमीटर २००च्या खाली गेली की तिची अनिर्बंध वाढ होण्याचा संभव बळावतो. जिभेवर, टाळूवर आणि गालांच्या आतील बाजूस दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर दिसतात. ते खरवडता येतात व खाली लालसर, क्वचित रक्ताळलेला पृष्ठभाग उरतो. जिभेच्या कडेवरील न खरवडता येणारा पांढरा पट्टा हा वेगळ्या, विषाणुजन्य विकाराचा असू शकतो. कधी पांढरा थर नसतोच. केवळ लाल चट्टे किंवा ओठांच्या कोपऱ्यांतील चिरा दिसतात. म्हणूनच नावातील पांढरेपणावर विसंबून चालत नाही.

अन्ननलिकेतील संसर्ग डोळ्यांना दिसत नाही. तेथे रुग्णाचे शब्द हाच पहिला पुरावा असतो. ‘घास अडकतो’ आणि ‘गिळताना छातीच्या हाडामागे दुखते’ ही दोन भिन्न विधाने आहेत. दुभाष्याने दोहोंचे ‘जेवण जात नाही’ असे सुलभीकरण केले, तर भूक मंदावली आहे असा अर्थ निघू शकतो आणि निदान हुकते. एचआयव्हीबाधिताला गिळताना वेदना होत असतील, विशेषतः तोंडातही कँडिडा असेल, तर दुर्बिणीची वाट न पाहता उपचार सुरू करण्याची पद्धत रूढ आहे. साधारण आठवड्याभरात आराम पडला नाही, तर दुर्बिणीने तपासणी करावी लागते. नागीण वर्गातील विषाणू, सायटोमेगॅलोव्हायरस किंवा औषधाला दाद न देणारी बुरशी ही कारणे त्यातून उलगडू शकतात.

उपचारात फ्लुकोनॅझोल हे प्रमुख औषध होय. तोंडातील संसर्गासाठी ते सामान्यतः दररोज १०० मि.ग्रॅ. या प्रमाणात ७ ते १४ दिवस दिले जाते. सौम्य संसर्गात क्लोट्रिमॅझोलच्या चघळण्याच्या गोळ्या किंवा निस्टॅटिनचे द्रावण चालते. मात्र ते लगेच न गिळता तोंडात घोळवावे लागते. अन्ननलिकेत असे स्थानिक उपचार पुरेसे ठरत नाहीत. तेथे फ्लुकोनॅझोल १०० ते ४०० मि.ग्रॅ. दररोज, १४ ते २१ दिवस द्यावे लागते. गिळणे अशक्य असल्यास शिरेतून. क्षयासाठी रिफॅम्पिसिन चालू असेल, तर फ्लुकोनॅझोलची रक्तातील पातळी घटते. काही अन्य औषधांशीही त्याची आंतरक्रिया होते, आणि गर्भारपणात त्याच्या वापराबाबत विशेष दक्षता लागते. ही मात्रा वैद्याच्या निर्णयाला पर्याय नव्हे, हे सांगणे न लगे.

तथापि बुरशी गेली म्हणजे रोग गेला, असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तोंडातील चिवट कँडिडा एचआयव्हीच्या तिसऱ्या, तर अन्ननलिकेतील कँडिडा चौथ्या अवस्थेत मोडतो. मूळ उपचार विषाणुरोधक औषधांचा आहे. ती मिळाली नाहीत तर बुरशी पुनःपुन्हा परतते, आणि वारंवार दिलेल्या फ्लुकोनॅझोलला न जुमानणाऱ्या जाती निर्माण होऊ शकतात. भारतात १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्र व कर्नाटकासह सहा राज्यांत ही औषधे शासनातर्फे मोफत देण्यास आरंभ झाला. २०१७ पासून सीडी४ची संख्या कितीही असली तरी उपचार देण्याचे धोरण आहे. ‘येणे’ या क्रियापदातील ‘निघून जाईल’ ही आशा येथे घातक ठरते, ती या कारणामुळे.

औषध ठाऊक असणे आणि ते हाती पडणे यांतील अंतरही ध्यानात घ्यावयास हवे. दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तोफर मोराका यांनी २००० साली संसदेच्या समितीपुढे औषधांच्या किमतीविषयी साक्ष दिली. कँडिडाने पीडित असलेल्या मोराका यांचे त्याच वर्षी जुलैमध्ये निधन झाले. पुढे झॅकी ॲक्मट यांनी थायलंडमधून स्वस्त फ्लुकोनॅझोल आणून पेटंटव्यवस्थेला जाहीर आव्हान दिले आणि त्या मोहिमेला मोराका यांचे नाव देण्यात आले. भारतात १९७०च्या कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे, तर निर्मितिप्रक्रियेवर पेटंट दिले जाई. ही व्यवस्था २००५ पर्यंत टिकली आणि तिच्यामुळे अशी औषधे येथे स्वस्तात तयार होऊ शकली.

अखेरीस एक सावधगिरी. तोंडातील पांढरा थर म्हणजे एचआयव्ही असे समीकरण मांडणे चूक आहे. मधुमेह, दम्यासाठी ओढण्याची स्टिरॉइड औषधे, प्रतिजैविके आणि कवळी यांमुळेही कँडिडा वाढतो. थर दिसल्यावर रुग्णाला तपासणी सुचवावी. पण ती त्याच्या संमतीने व्हावी आणि निष्कर्ष गोपनीय राहावा, असे २०१७चा एचआयव्ही व एड्सविषयक कायदा सांगतो. दुभाष्याचे कर्तव्य यातूनच स्पष्ट होते. ‘तोंड आले’ हे शब्द ऐकून त्याने रोगाचे नाव सुचवू नये. केव्हापासून, कितव्यांदा आणि गिळताना काय होते, हे विचारून रुग्णाचे उत्तर त्याच्याच शब्दांत वैद्यापुढे ठेवावे.