टोमॅटोचा ‘तिरंगा’ आणि शेतातले मित्रकीटक

मे २०२० मध्ये जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले भागात टोमॅटोची फळे एकसारखी लाल होईनात. शेतकऱ्यांनी रोगाला नाव दिले ‘तिरंगा’. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या तपासणीत काकडी मोझॅक विषाणू आढळला. रोगासोबत गैरसमजही पसरले आणि आजही ते बांधावर ऐकू येतात.

गैरसमज : हा विषाणू माणसाला बाधतो.
वस्तुस्थिती : टोमॅटोवरचा हा विषाणू माणसाच्या शरीरात वाढत नाही. फळ खाऊन कोणी आजारी पडत नाही. नुकसान होते ते शेतकऱ्याचे. माल डागी निघतो आणि अफवेने गिऱ्हाईकही बिचकते.

गैरसमज : औषध मारले की झाड सुधारते.
वस्तुस्थिती : विषाणूवर औषध नाही. मावा रोगट पानात सोंड खुपसून काही सेकंदांत विषाणू उचलतो आणि तितक्याच झटपट दुसऱ्या झाडाला देतो. फवारणीने तो मरेपर्यंत लागण झालेली असते. म्हणून रोपे कीटकरोधक जाळीत वाढवावीत, लागवडीआधी कडेने मका लावावा, तण काढावे, रोगट झाड दिसताच उपटून पुरावे.

गैरसमज : पिकावरचा प्रत्येक किडा शत्रू.
वस्तुस्थिती : काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्या मगरीसारखी अळी ही ढालकिड्याची, ती मावा खाते. बारीक देठावर उभी असलेली अंडी क्रायसोपा या मित्रकीटकाची, त्याची अळीही मावा खाते. सरसकट फवारणीत हे मित्रकीटकही मरतात. मावा मात्र झपाट्याने पुन्हा वाढतो आणि त्याला खाणारे उरलेले नसतात.

गैरसमज : ट्रायकोकार्ड लावूनही अळी दिसते, म्हणजे कार्ड निकामी.
वस्तुस्थिती : ट्रायकोकार्डातून निघणारा ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक फळ पोखरणाऱ्या अळीची अंडी नासवतो; बाहेर पडलेल्या अळीला तो काही करत नाही. कामगंध सापळ्यात पतंग येऊ लागताच संध्याकाळी कार्ड पानाखाली टाचावे आणि पुढे आठवडाभर कीटकनाशक टाळावे.

गैरसमज : मित्रकीटकांनी मोठी साथ आटोक्यात येत नाही.
वस्तुस्थिती : २००२ मध्ये महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात लोकरी मावा पसरला. तेव्हा शेतकऱ्यांनी डिफा आणि मायक्रोमस असलेली उसाची पाने आणून आपल्या फडात लावली. या मित्रकीटकांनी मावा आटोक्यात आणायला मोठा हातभार लावला.

पंप पाठीवर घेण्याआधी पाने उलटून पाहा. मावा आणि त्याला खाणारे, दोन्ही मोजा. ओळख पटली नाही, तर रोगट फांदी आणि किडा पिशवीत घालून नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. निदान झाल्यावरच औषधाला पैसे घाला.