रेस वर-खाली होते म्हणून इंजिनचे काम काढू नका

केळीच्या नव्या लागवडीत दोन ओळींमधले तण काढणारा पॉवर वीडर, नाल्यावरून पाणी उचलणारा पेट्रोल पंप, गावाबाहेरच्या मंगल कार्यालयाच्या लॉनवर फिरणारे गवत कापायचे यंत्र. चोपडा तालुक्यात ही तिन्ही यंत्रे पाहायला मिळतात आणि तिन्हींच्या पोटात बहुधा एकाच जातीचे इंजिन असते: एक सिलिंडर, हवेने थंड होणारे, फोर-स्ट्रोक, साध्या कार्बोरेटरवर चालणारे. त्यामुळे त्यांची तक्रारही एकच असते. इंजिन सुरू होते, पण एका आवाजात चालत नाही. हात न लावता रेस चढते, उतरते, पुन्हा चढते. दुखणे इतके ओळखीचे असूनही त्यावरचे उपचार मात्र बहुतेक भलत्याच जागी होतात. कोणी प्लग बदलतो, कोणी गव्हर्नरची स्प्रिंग ताणतो, कोणी थेट इंजिनचे काम काढतो. लयीत वर-खाली होणारी रेस हे बहुतेक वेळा इंजिन झिजल्याचे लक्षण नसतेच. इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळते आहे आणि गव्हर्नर ती उणीव भरून काढायची धडपड करतो आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

हे पटायला गव्हर्नर काय करतो ते पाहावे लागते. आपण रेसची दांडी एका जागी ठेवली तरी कार्बोरेटरमधली हवेची झडप आपण थेट हलवत नाही. ती गव्हर्नर हलवतो. इंजिनच्या आत फिरणारी छोटी वजने वेग वाढला की बाहेर फेकली जातात आणि झडप बंद करू पाहतात; स्प्रिंग तीच झडप उघडी ठेवू पाहते. या दोघांच्या ओढाताणीत वेग स्थिर राहतो. आता पेट्रोल कमी पडले तर वेग घसरतो. गव्हर्नर झडप उघडतो, हवेचा ओढा वाढतो, मोठ्या जेटमधून पेट्रोल येते आणि वेग एकदम चढतो. चढलेला वेग पाहून गव्हर्नर झडप मिटतो, पेट्रोल पुन्हा अपुरे पडते आणि वेग घसरतो. हे चक्र सेकंदा-दोन सेकंदाला फिरत राहते. वेग आवरणारी यंत्रणाच कधी कधी वेगाला झोके देते, हे माणसाला फार पूर्वी कळले आहे. जेम्स वॅटने १७८८च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर बसवला आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८मध्ये गव्हर्नरवरच्या आपल्या निबंधात अशा हेलकाव्यांचे गणित मांडले. म्हणजे त्या चढत्या-उतरत्या आवाजाला नियम आहे, आणि नियम असल्यामुळे कारणापर्यंत पोचता येते.

पेट्रोल नेमके कुठे अडते, याचा माग इंजिन स्वतःच देते. यंत्र रिकामे चालत असते, म्हणजे पाते गवतात किंवा मातीत शिरलेले नसते, तेव्हा झडप जवळजवळ मिटलेली असते. अशा वेळी पेट्रोल येते ते पायलट जेटमधून, आणि त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. पेट्रोलचा चिकट थर सगळ्यात आधी तिथेच बसतो. म्हणून रिकामे असताना रेस वर-खाली होते आणि लोड पडताच इंजिन एका आवाजात चालते, अशी खूण मिळाली तर पायलट जेट चोंदला आहे असे समजायला हरकत नाही. लोडवरही तीच गत असेल तर मोठा जेट, पेट्रोलचा कॉक, टाकीतली जाळी आणि नळी पाहावी. दुसरी चाचणी चोकची. इंजिन चालू असताना चोक हळूहळू अर्धा ओढावा. हवा कमी झाली आणि रेस स्थिरावली, तर पेट्रोल कमी पडत होते हे सिद्ध झाले. मग ते जेट चोंदल्यामुळे असेल किंवा कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधले पॅकिंग फाटून जादा हवा शिरत असल्यामुळे. उलट, चोक ओढताच काळा धूर निघून इंजिन बसले, तर दोष दुसरीकडे आहे. या चाचणीला पाना लागत नाही की पैसा.

रिंगा गेल्या, हे निदान सर्वांत महागात पडते आणि सर्वांत कमी पुराव्यावर होते. रिंगा खरोखर झिजल्या असतील तर निळसर धूर दिसतो, ऑइल कमी होत जाते, स्टार्टरची दोरी ओढताना हाताला विरोध जाणवत नाही आणि लोडवर ताकद कमी पडते. झिजलेले इंजिन सतत अशक्त असते. दर दोन सेकंदाला अशक्त आणि सशक्त होत नाही. प्लगचेही तसेच. ठिणगी चुकते तेव्हा आवाजात मध्येच खंड पडतो, कधी आता, कधी थोड्या वेळाने. मिस्तरी ज्याला मिसिंग म्हणतात ते हे. त्याला लय नसते. आवाज ऐकताना एवढा एकच फरक कानाने टिपला तरी अर्धे निदान झाले. प्लग काढून पाहणे मात्र उपयोगाचे आहे, कारण त्याचा रंग साक्ष देतो: टोक पांढरटसर कोरडे असेल तर पेट्रोल कमी, काजळीने काळे असेल तर जास्त.

गव्हर्नरची स्प्रिंग ताणणे किंवा तिचे टोक दुसऱ्या भोकात अडकवणे, हा उपाय सर्वांत धोक्याचा. त्याने कधी कधी हेलकावे थांबतात आणि म्हणूनच तो टिकून आहे. पण ते थांबतात याचे कारण असे की झडप आता जास्त उघडी राहते आणि पेट्रोल मोठ्या जेटमधून येऊ लागते. चोंदलेला पायलट जेट तसाच चोंदलेला राहतो, वर इंजिन ठरलेल्या वेगाबाहेर पळते. या जातीची बहुतेक इंजिने मिनिटाला ३,६०० फेऱ्यांच्या आसपासची मर्यादा धरून बनवलेली असतात. ती ओलांडली की कनेक्टिंग रॉड तुटू शकतो, आणि गवत कापायच्या यंत्रात तर पातेही त्याच वेगाने फिरत असते. इथे रास्त आक्षेप असा की गव्हर्नरही बिघडू शकतो. शकतो. काळ्या मातीचा चिखल त्याच्या दांड्यांवर वाळून बसतो, दांडी वाकते, स्प्रिंग सैल पडते. पण तेही तपासता येते. इंजिन मंद वेगात असताना कार्बोरेटरवरची झडपेची दांडी बोटांनी एका जागी धरावी, वेग वाढू न देता. इंजिन एका आवाजात चालू लागले तर गव्हर्नरची जोडणीही तपासावी. दांडी स्थिर धरूनही वेग हेलकावतच राहिला, तर गव्हर्नर निर्दोष आहे. हे करताना बोटे पात्यापासून आणि तापलेल्या सायलेन्सरपासून दूर हवीत. पात्याच्या बाजूला हात घालायचाच असेल तर आधी इंजिन बंद करून प्लगची टोपी काढलीच पाहिजे.

जेट साफ करण्याबद्दलही एक पक्की समजूत आहे: बारीक तार घालून फिरवली की झाले. जेट पितळेचा असतो आणि पितळ मऊ असते. पोलादी तारेने छिद्र किंचित जरी मोठे झाले तरी पेट्रोलचे प्रमाण कायमचे बदलते; मग इंजिन काळा धूर सोडते आणि कोणत्याही स्क्रूने ते नीट होत नाही. कार्बोरेटर क्लीनर मारून, थोडा वेळ भिजवून, हवेने फुंकावे आणि छिद्र उजेडासमोर धरून गोल दिसते का ते पाहावे. यावर म्हणतात की एवढी खटपट कशाला, नवा कार्बोरेटर बसवला की यंत्र चालते. चालते, हे खरे. पण त्यावरून जुना खराब होता असे ठरत नाही. नव्याची छिद्रे मोकळी होती इतकेच ठरते. ती पुढच्या हंगामापर्यंत तशीच चोंदतील. आणि चोक अर्धा ओढून काम चालवून नेणे ही तर चाचणीची गोष्ट उपाय म्हणून वापरणे झाले. तासन्‌तास जादा पेट्रोल गेले तर ते सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते आणि खालच्या ऑइलमध्ये उतरते. त्यातून रिंगा खरोखरच झिजतात.

सध्या सगळा दोष इथेनॉलवर टाकायची रीत पडली आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३मध्ये विक्रीला आले आणि २०२५पर्यंत देशात सर्वसाधारण झाले. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५ किलो. मोटारीतली इंजेक्शन यंत्रणा सेन्सरने हा फरक ओळखून पेट्रोल वाढवते. कार्बोरेटरला असा सेन्सर नाही, त्याचे जेट ठरलेल्या मापाचे. म्हणजे जुन्या मापाचे इंजिन आपोआप सुमारे ८ टक्के पेट्रोल कमी मिळाल्यासारखे चालते. त्यात प्रदूषणाच्या नियमांमुळे, अमेरिकेत १९९७पासून, छोट्या इंजिनांचे कार्बोरेटर मुळातच कमी पेट्रोलवर बसवण्याकडे कारखान्यांचा कल झाला. तरीही, एकाच पंपावरचे तेच पेट्रोल घेऊन स्वच्छ जेटचे इंजिन नीट चालते आणि चोंदलेल्या जेटचे हेलकावते. इथेनॉल उंबरठा खाली आणते. त्यावरून पाय घसरतो तो पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवल्यामुळे.

आणि खानदेशात ते ठेवले जातेच. केळीच्या मृगबागेची जून-जुलैतली लागवड, मग कांदेबाग नावाची केळीचीच पुढची लागवड. रोपे लहान असतात तोवर वीडर लागतो. पाने एकमेकांना भिडून जमिनीवर सावली पडली की तण मागे पडते आणि यंत्र शेडमध्ये जाते. लॉनवरचे यंत्र लग्नसराईपुरते बाहेर निघते. मधले महिने टाकीत पेट्रोल तसेच असते. इंजिनचे कारखाने साधारण महिन्याभरापलीकडे पेट्रोल ठेवू नका असे सांगतात, आणि जळगावकडचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये तेवढेही थांबायला नको. हलके अंश उडून जातात, मागे राहिलेल्याचा तपकिरी चिकट थर होतो. पावसाळ्यात इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि टाकीतून पेट्रोल बाहेर पडायचे तोंड तळाशीच असते. म्हणून यंत्र ठेवण्याआधी टाकी रिकामी करावी, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, आणि कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीचा स्क्रू ढिला करून उरलेले थेंब एका काचेच्या बाटलीत घ्यावेत. खाली पाण्याचा थर किंवा तपकिरी गाळ दिसला तर दुखण्याचे मूळ डोळ्यांसमोर आहे.

एअर फिल्टर साफ केला की रेस स्थिर होते, असेही सांगितले जाते. चोंदलेला फिल्टर हवा अडवतो, म्हणजे पेट्रोल तुलनेने वाढते. त्याचे लक्षण काळा धूर आणि जड आवाज. फिल्टर स्वच्छ हवाच, पण इंजिनच्या आयुष्यासाठी, आणि तो काढून इंजिन चालवणे तर धुळीच्या दिवसांत आत्मघात आहे. टाकीच्या झाकणाकडे मात्र कोणी पाहत नाही. त्यातल्या बारीक छिद्रातून हवा आत गेली नाही तर टाकीत पोकळी होते, आणि दहा-पंधरा मिनिटे नीट चाललेले इंजिन हळूहळू दम सोडते. झाकण सैल करताच ते सावरले, तर छिद्र धुळीने बुजले आहे.

हे सारे फोर-स्ट्रोकबद्दल झाले. खांद्यावरच्या टू-स्ट्रोक ब्रश कटरला बहुधा असा गव्हर्नर नसतो आणि तिथे गैरसमज नेमका उलटा आहे. पूर्ण रेसवर, पाते मोकळे असताना त्याचा आवाज थोडा फुटका, अडखळता येतो. गवतात पाते शिरले की स्वच्छ होतो. पुष्कळजण हा फुटका आवाज बिघाड समजून हाय स्पीडचा स्क्रू आवळतात. आवाज सुरेल होतो, पण टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येते. पेट्रोल कमी केले म्हणजे ऑइलही कमी केले. थोड्याच वेळात पिस्टन तापून सिलिंडरमध्ये धरतो, आणि मग खरोखर इंजिनचे काम काढावे लागते.