हायवे टच

‘हायवे टच एनए प्लॉट, बुकिंग सुरू.’ पुण्यातून कुठल्याही दिशेनं तासभर बाहेर पडा, ही पाटी भेटतेच. कधी तिच्यावर हिरवळ छापलेली असते, कधी मालिकेतली एखादी ओळखीची नटी. आश्वासन मात्र एकच: रस्ता येतोय, म्हणजे शहर येतंय. या एका वाक्यात दोन-तीन गैरसमज दाटीवाटीनं बसले आहेत.

पहिला पाटीवरच आहे. रस्त्याला जमीन लागली की तिचं सोनं झालं, असं आपण धरून चालतो. साध्या रस्त्याच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. आधी चहाची टपरी, मग पंक्चरवाला, मग ढाबा आणि मग गाळे, हा क्रम आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. द्रुतगती मार्गाची जात वेगळी. तो आगगाडीच्या रुळांसारखा असतो, स्टेशन असेल तिथंच उतरता येतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. लांबी सुमारे ९५ किलोमीटर, दुचाकी आणि रिक्षाला बंदी. ज्याचं शेत त्याच्या कुंपणाला लागून आहे त्याला दिवसरात्र गाड्यांचा आवाज मिळतो, आणि पलीकडच्या वावरात जायचं तर आधी भुयारी मार्ग गाठावा लागतो. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचंही तसंच. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. त्याच्यालगत योजलेली कृषी समृद्धी नवनगरं इंटरचेंजपाशी, म्हणजे चढण्या-उतरण्याच्या जागी, आखली गेली ती याच कारणानं. तेव्हा ‘रस्ता किती मीटरवर’ हे एजंटला विचारून फारसं काही कळत नाही. रस्त्यावरून उतरायचं कुठं आणि तिथून प्लॉटपर्यंत कशानं जायचं, हे विचारावं. राष्ट्रीय महामार्गालगत तर स्वतःच्या जमिनीत पेट्रोलपंप किंवा हॉटेल काढलं, तरी महामार्गावर वाट काढायला वेगळी परवानगी लागते.

दुसरा गैरसमज शहरवाल्यांचा, आणि तो जास्त महागात पडतो: बाह्यवळण झालं की कोंडी सुटते.

देहूरोड ते कात्रज हा बाह्यवळण मार्ग बघा. मुंबईहून बंगळुरूकडे जाणारे ट्रक पुण्यात शिरू नयेत, एवढाच त्याचा हेतू. तो झाला तेव्हा वाकड, बाणेर, बावधन, वारजे, नऱ्हे ही गावं होती, आणि रस्ता त्यांच्या शिवारातून गेला. पण जो रस्ता बंगळुरूला जवळ आणतो तोच बाणेरला वाकडशीही जोडतो. हिंजवडीत आयटी पार्क उभं राहिलं, तिथं कामाला जाणाऱ्यांना घरं हवी होती, आणि स्वस्त मोकळी जमीन या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पडलेली होती. बघता बघता शहराला वळसा घालणारा रस्ता शहराच्या पोटात आला. आज त्याच्यावर साताऱ्याकडचा ऊसवाला ट्रक, कंपनीची बस आणि मुलाला शाळेत सोडायला निघालेली स्कूटर एकाच लेनमध्ये असतात, कारण सर्व्हिस रोड सलग नाही. नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलापर्यंतचा उतार तर अपघातांसाठीच ओळखला जातो. लांबच्या प्रवासाला निघालेला भरलेला ट्रक त्या उतारावरून थेट वस्तीतल्या रहदारीत येतो. याच मार्गावरच्या चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकांनी पाडावा लागला. पुढच्या ऑगस्टमध्ये तिथं नवे पूल आणि रस्ते खुले झाले. पूल पडताना पाहायला लोक जमले होते. पुणेकरांना यापेक्षा चांगला कार्यक्रम कोण देणार!

रस्त्यामागून गर्दी येणं हे पुण्याचंच वैशिष्ट्य म्हणावं, तर तेही नाही. अमेरिकेतल्या महानगरांवरचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. महामार्ग जितक्या टक्क्यांनी वाढले, जवळपास तितक्याच टक्क्यांनी वाहनांची धाव वाढली, असं त्यात दिसलं. त्याआधी २००७ च्या एका अभ्यासानं दाखवलं की मध्यवर्ती शहरातून जाणारा प्रत्येक नवा महामार्ग त्या शहराची लोकसंख्या सुमारे १८ टक्क्यांनी कमी करतो. माणसं रस्त्यानं बाहेर राहायला गेली. आपल्याकडे जुनं शहर रिकामं झालं नाही, पण कडेला वाढ ओढली जाण्याची रीत तीच.

मग तिसरी समजूत: रस्ता आला की पाणी, ड्रेनेज, शाळा मागोमाग येतात. मागोमाग येतात खरं, पण किती मागून? खडकवासला, किरकटवाडी, नांदेड, नांदोशी ही गावं पुणे महापालिकेत आली २०२१ साली, २३ गावांच्या खेपेत. इमारती त्याच्या कितीतरी आधीपासून उभ्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये या गावांच्या, म्हणजे सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गिया बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ पसरली आणि बोट दूषित पाण्याकडे गेलं. लोकांनी फ्लॅट घेताना ‘हायवे दहा मिनिटांवर’ हे वाचलं होतं. पाणी कुठल्या विहिरीतून येतं आणि ते शुद्ध होतं का, हे माहितीपुस्तिकेत कोण छापणार!

याच्या उलट उदाहरण द्रुतगती मार्गाच्या दुसऱ्या टोकाला आहे. नवी मुंबईसाठी सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली. खारघर, कळंबोलीचे सेक्टर, नाले, शाळांच्या जागा आधी कागदावर आल्या, मग वस्ती वाढली. तिथंही तक्रारी आहेत, जमिनी गेलेल्यांच्या तर फारच. पण सेक्टरात रस्ता कुठं आहे हे शोधावं लागत नाही.

महामार्गानं घरंच येतात असंही नाही. भिवंडीकडे आली ती गोदामं. मुंबईच्या तेव्हाच्या जकातीच्या हद्दीबाहेर, बंदर आणि महामार्ग दोन्ही हाताशी, म्हणून. गोदामाला जमीन एकरांनी लागते, माणसं त्या मानानं थोडी.

आता पुण्याभोवती सुमारे १७० किलोमीटरचा, ११० मीटर रुंदीचा वर्तुळाकार मार्ग होतोय. त्याच्या पाट्याही लागल्या आहेत. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (पीएमआरडीए) प्रारूप विकास आराखडा, म्हणजे या भागात कुठं वस्ती, कुठं उद्यान, कुठं डीपी रस्ता हे सांगणारा कागद, २०२१ मध्ये जाहीर झाला होता. २०२५ मध्ये सरकारनं तो रद्द केला.